चकाकीचा हिशेब

घरातले रोजच्या वापरातले स्टीलचे ताट घ्या. रात्री खोलीत एकच बल्ब ठेवा आणि ताटात त्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंबाभोवती बारीक रुपेरी रेषांची वर्तुळे दिसतील, जणू कोळ्याने तेथे जाळे विणले आहे. आता ताट जागच्या जागी ठेवून तुम्ही थोडे डावीकडे सरका. वर्तुळेही प्रतिबिंबाबरोबर सरकतात! ताटावर खरोखरच गोल ओरखडे असते, तर ते असे जागा सोडून तुमच्यामागे आले असते का?

ताटावर ओरखडे आहेत, पण ते आडवे, उभे, तिरपे असे सर्व दिशांनी पडलेले आहेत. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अरुंद पन्हळ. पन्हळीवर पडलेला प्रकाश तिच्या लांबीच्या दिशेने पसरत नाही, तिला काटकोन करून पसरतो. त्यामुळे प्रतिबिंबापासून निघणाऱ्या रेषेला जे ओरखडे जवळजवळ काटकोनात असतात, तेवढेच डोळ्याकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे तेथेच असतात, पण गप्प असतात. उजळलेले तुकडे एकमेकांशेजारी आले, की डोळा त्यांचे वर्तुळ करून टाकतो.

काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती हेच जाळे दिसते. ‘गाडी पुसणारा फडका गोल गोल फिरवतो, म्हणून गोल ओरखडे पडतात’ असे पुष्कळांना वाटते. तुम्ही आता त्यांना ताट दाखवू शकाल. फडका कसाही फिरवला, तरी वर्तुळे दिसणारच. फडका कसा फिरला यापेक्षा फडक्यात काय अडकले होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

घरी गाडी धुणे, तिचे धातूचे भाग घासून लखलखीत करणे, रंगाला मेण लावणे ही कामे सुट्टीच्या दिवशी अनेक घरी होतात. त्यांत भौतिकी आहे, रसायन आहे आणि थोडे अंकगणितही आहे. हे अंकगणित न केल्यामुळे चांगल्या वस्तू कायमच्या बिघडतात.

गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत?

दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर प्रकाश पडला, तर तो सर्व दिशांना विखुरतो. आरशावर पडला, तर एकाच दिशेने परततो. फरक पृष्ठभागावरील उंचसखलपणाचा आहे. पण किती उंचसखलपणा चालतो?

समजा, पृष्ठभागावर एक उंचवटा आहे. एक किरण उंचवट्याच्या माथ्यावरून परततो, शेजारचा किरण पायथ्यापासून परततो. दुसऱ्याला थोडे जास्त अंतर कापावे लागते. हे जादा अंतर पुढील सूत्राने मिळते:

जादा अंतर = २ × उंचवट्याची उंची × कोज्या (आपाती कोन)

हे अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असले, तर तो पृष्ठभाग प्रकाशाच्या दृष्टीने गुळगुळीत मानावा. याला रॅलीचा निकष म्हणतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन असते. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्रकाश सरळ खाली पडत असेल, तर आपाती कोन शून्य आणि त्याची कोज्या १. म्हणजे उंची तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याहून, सुमारे ०.०७ मायक्रॉनहून, कमी हवी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्या केसाचे हजार उभे काप केले, तर त्यातील एका कापाइतका उंचवटा आरशाला चालेल, त्याहून मोठा चालणार नाही.

आता याच सूत्रात आपाती कोन ८५ अंश घाला. ८५ अंशांची कोज्या सुमारे ०.०८७ आहे. उंचीची मर्यादा एकदम ०.७९ मायक्रॉनपर्यंत जाते, म्हणजे अकरा पटींहून अधिक. दुधी काच डोळ्यांच्या पातळीत आडवी धरा आणि तिच्यावरून खिडकीकडे पाहा. काच जवळजवळ सपाट दिसेल इतकी तिरपी करा. एरवी काहीच न दाखवणाऱ्या काचेत खिडकीची चौकट उमटते! काच तीच, खरखरीतपणा तोच. फक्त कोन बदलला. हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. शिक्षकांनी आधी सूत्र न सांगता प्रयोग करून दाखवावा, म्हणजे सूत्राची गरज मुलांना आपोआप वाटेल.

घासल्याने नेमके काय होते?

सोपा दिसणारा हा प्रश्न शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ पुरला. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात असे मत मांडले, की काच घासताना आपण ओरखडे नाहीसे करत नाही, फक्त अधिकाधिक बारीक ओरखडे पाडत जातो. शेवटी ते इतके बारीक होतात, की दिसत नाहीत. ज्यांच्या नावाचा निकष आपण वर पाहिला, त्या लॉर्ड रॅली यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जिल्हई याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांना खडबडीत घासणे आणि जिल्हई देणे या दोन वेगळ्या क्रिया वाटत होत्या.

मग जॉर्ज बील्बी या ब्रिटिश रसायनज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. आरशासारख्या केलेल्या धातूवर आम्लाचा सौम्य हात फिरवला, तर नाहीसे झालेले ओरखडे पुन्हा वर येतात. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की घासताना वरचा धातू द्रवासारखा वाहतो आणि ओरखड्यांवर पांघरूण घालतो. १९३७ साली केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी या कल्पनेला जोड दिली. घासणाऱ्या पदार्थाच्या कठिनतेपेक्षा त्याचा वितळणबिंदू जास्त महत्त्वाचा, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसत होते.

हे चित्र पुढे बदलले. ऑस्ट्रेलियातील धातुशास्त्रज्ञ लेनर्ड सॅम्युएल्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की धातू घासताना बहुतेक काम अतिसूक्ष्म कीस निघूनच होते. सुताराच्या रंध्याने लाकडाची साल निघावी, तशी. मग आम्लाने वर येणारे जुने ओरखडे कोठून येतात? ओरखड्याखालचा धातू खोलवर दबलेला आणि पिळवटलेला असतो. ओरखडा घासून गेला, तरी हा दुखावलेला थर खाली राहतो आणि आम्ल त्याला आधी खाते. म्हणजे न्यूटनचा अंदाज धातूंच्या बाबतीत बराचसा बरोबर ठरला.

याचा अर्थ असा, की प्रत्येक वेळी घासले, की वस्तूतून काही तरी जातेच. चकाकी येते ती वस्तूच्या खर्चाने. म्हणून घासण्याआधी विचारायचा प्रश्न असा: खर्चायला आहे किती?

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

हे घरच्या घरी ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. गाडीचा तो भाग आधी स्वच्छ धुऊन कोरडा करा. मऊ पांढऱ्या सुती फडक्यावर मुगाच्या दाण्याएवढे धातूचे पॉलिश घ्या आणि सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात दहा-बारा वेळा हलके घासा. मग फडक्याकडे पाहा.

फडके काळे झाले, तर खाली उघडा अॅल्युमिनियम किंवा पितळ आहे. पांढरा धातू काळा कसा काय निघतो? धातूचा सलग पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतो. पण त्याचे अगदी सूक्ष्म कण तेलकट पॉलिशमध्ये मिसळले, की त्यांच्यात सापडलेला प्रकाश वारंवार आपटून शोषला जातो. अॅल्युमिनियमच्या भांड्यावर ओले बोट जोराने घासले, तरी बोट काळे होते, ते यामुळेच.

फडक्यावर गाडीचाच रंग आला, तर रंगाचा एकच प्रकारचा लेप आहे. जुन्या अॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांचे रंग असे असत. (पद्मिनी जातीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि मुंबईकरांनी तिला हळहळत निरोप दिला.) फडके धुळीपुरतेच मळले, रंग आला नाही, काळेपणाही नाही, तर वर पारदर्शक लाखेचा थर आहे. आजच्या मोटारींवर तो असतो आणि चकचकीत चाकांवरही बहुधा असतो. क्रोमियमचा मुलामाही फडके फारसे मळू देत नाही, कारण क्रोमियम अतिशय कठीण असते. मात्र त्याचा निळसर झाक असलेला आरसा लगेच ओळखू येतो.

आता हिशेब करू. चांगल्या क्रोमच्या बंपरवर पोलादावर प्रथम निकेलचा १० ते ३० मायक्रॉनचा थर असतो आणि त्यावर क्रोमियमचा. हा क्रोमियमचा थर किती असावा? पाव ते अर्धा मायक्रॉन! एक चौरस मीटर क्षेत्रावर ०.३ मायक्रॉन जाडीचा थर घेतला, तर त्याचे आकारमान ०.३ घन सेंटिमीटर. क्रोमियमची घनता सुमारे ७.२ धरा. वजन जेमतेम २ ग्रॅम भरते. दोन ग्रॅम क्रोमियमवर एवढा मोठा आरसा उभा असतो.

पारदर्शक लाखेचे गणितही करून पाहा. थर साधारण ४० मायक्रॉनचा. एका चौरस मीटरवर ४० घन सेंटिमीटर, म्हणजे अर्धा कप चहाहून कमी. तिच्याखाली रंगाचा सुमारे १५ मायक्रॉनचा थर, त्याखाली दोन अस्तरे आणि मग पोलादी पत्रा. सगळे लेप मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. लाखेत सूर्याची अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. यंत्राने एकदा बफिंग केले, की त्यातील एक-दोन किंवा अधिक मायक्रॉन निघून जातात. दर दिवाळीला ‘रबिंग’ करून घेणाऱ्या गाडीचे काय होत असेल, हे तुम्हीच मांडा.

उघड्या अॅल्युमिनियमचे मात्र तसे नाही. इंजिनाच्या झाकणाला कित्येक मिलिमीटर जाडी असते. तेथे खर्चाला हात सैल सोडता येतो. म्हणून खरी जिल्हई शिकायची, तर तिच्यावर शिकावी.

एक झाकण, पाच पट्टे

यासाठी गाडीची गरज नाही. टाकाऊ अॅल्युमिनियमच्या पातेल्याचे सपाट झाकण घ्या. चिकटपट्टी लावून त्याचे पाच पट्टे पाडा. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो. त्याचे ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे तुकडे आणा. नंबर वाढतो तसे कण बारीक होतात. प्रचलित ‘पी’ श्रेणीत ४०० नंबरचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, ८०० चे २२, १५०० चे १३ आणि २००० चे १० मायक्रॉनचे असतात. कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. मोस मापक्रमावर त्याची कठिनता सुमारे ९.५, तर अॅल्युमिनियमची ३ च्या आसपास. तेव्हा कागदच जिंकणार, यात शंका नाही.

पहिला पट्टा तसाच ठेवा. बाकीचे चार ४०० नंबरने घासा. मग दुसरा पट्टा झाकून टाका आणि उरलेले तीन ८०० ने घासा. असे करत शेवटच्या पट्ट्यावर चारही कागद फिरले पाहिजेत. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा आणि पाण्याने ओला ठेवा. पाणी कीस वाहून नेते आणि धातूची धूळ हवेत उडू देत नाही.

या कामातले खरे कसब एवढेच आहे: दर नंबराला दिशा बदला. ४०० आडवा फिरवला असेल, तर ८०० उभा फिरवा. आडवे ओरखडे एकही दिसेनासा झाला, की समजावे ८०० चे काम झाले. मग १५०० पुन्हा आडवा. दिशा न बदलता घासणाऱ्याला जुना ओरखडा कोणता आणि नवा कोणता, हे कळायला मार्गच उरत नाही. नंबर गाळण्याचा मोहही टाळावा. ४०० नंतर एकदम २००० घेतला, तर बारीक कण मोठ्या दऱ्यांचे काठ तेवढे चमकवतात. झाकण दुरून चकाकते आणि जवळून नांगरलेल्या शेतासारखे दिसते. नंबर बदलताना झाकण आणि हात स्वच्छ धुवा. ४०० चा एक चुकार कण पुढच्या टप्प्यात शिरला, तर तासाभराची मेहनत वाया जाते.

२००० नंबरनंतर पट्टा राखाडी आणि मंद दिसेल. ओरखडे आता मायक्रॉनच्या आसपास आले, पण आपल्याला ०.०७ हवे आहेत! येथून पुढे कागद उपयोगी नाही. मऊ कापडावर धातूचे पॉलिश घ्या. ते नसेल तर पांढरी टूथपेस्टही चालेल. तिच्यात चुनखडीचे किंवा सिलिकाचे बारीक कण असतात. कागदावरचा कण सरसाने जागच्या जागी घट्ट चिकटवलेला असतो, म्हणून तो खोल रुततो. कापडावरचा कण दाब वाढला, की धाग्यांत मागे सरतो. म्हणून त्याचा ओरखडा उथळ पडतो. पाच-दहा मिनिटांत शेवटच्या पट्ट्यात तुमचे नाक दिसू लागेल. आता चिकटपट्ट्या काढा, पाचही पट्टे शेजारी-शेजारी पाहा आणि प्रत्येक पट्ट्यात खिडकीचे प्रतिबिंब किती अंश तिरपे धरल्यावर उमटते, हे कोनमापकाने मोजा. नोंदींचा तक्ता वर्गात लावण्याजोगा होईल.

पुण्याच्या आयुका संस्थेत विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. दुर्बिणीचा आरसा घडवण्याची रीतही हीच आहे: आधी जाड कणांची भुकटी, मग बारीक, आणि शेवटी डांबरासारख्या राळेच्या तव्यावर सिरियम ऑक्साइड. केरळमधील आरन्मुळा गावचे कारागीर तर काच न वापरता तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून तयार करतात. अशा आरशाला बोटाचे टोक लावले, तर बोट आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसत नाही. काचेच्या आरशात ती का दिसते?

चिंच, राख आणि सोडा

आजीच्या काळात पितळेची भांडी चिंच लावून राखेने घासत. त्यात दोन वेगळी कामे होती. पितळेवरचा काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडाचा. चिंचेतील टार्टारिक आम्ल तो विरघळवते. राख घर्षणाचे काम करते. आम्लाने थर सुटला, की फार घासावे लागत नाही. वस्तू वाचवणारी ही रीत आहे. मात्र चिंच लावून भांडे रात्रभर ठेवले, तर ठिकठिकाणी लालसर डाग पडतात. पितळेतील जस्त अधिक क्रियाशील असल्याने ते जास्त विरघळते आणि पृष्ठभागावर तांबे उरते. लिंबू-मीठ लावून विसरणाऱ्यांनाही हा अनुभव येतो.

पण एका धातूचे औषध दुसऱ्याला चालत नाही. अॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा थर असतो. (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग.) तोच धातूचे रक्षण करतो आणि खरवडला गेला, तर हवेत क्षणात पुन्हा तयार होतो. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक सोडा हा थर विरघळवतात आणि मग आतील धातूही खातात. त्या वेळी हायड्रोजनाचे बुडबुडे निघतात. म्हणून अॅल्युमिनियमची चाके तीव्र अल्कलीने कधीही धुऊ नयेत. खिडक्यांच्या चौकटी, काही गाड्यांच्या पट्ट्या यांवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडाचा मुद्दाम जाड केलेला, ५ ते २५ मायक्रॉनचा थर असतो. त्याला पॉलिश लावणे म्हणजे पैसे देऊन बसवलेले चिलखत आपणच उतरवणे होय.

क्रोमच्या बंपरवरील गंजाचे ठिपके ही आणखी वेगळी गोष्ट. क्रोमियम गंजत नाही. गंजते ते खालचे पोलाद. क्रोमियमला अदृश्य भेगा असतात. त्यांतून आणि निकेलमधील छिद्रातून पाणी पोलादापर्यंत पोचले, की तेथे छोटा विद्युत्‌घट तयार होतो. मुलामा विस्तीर्ण आणि उघडे पोलाद टाचणीच्या टोकाएवढे. सगळा ऱ्हास त्या टोकावर एकवटतो आणि छिद्र खोल जाते. येथे वॉटर पेपर घेणारा माणूस दोन ग्रॅम क्रोमियम पाच मिनिटांत धुळीला मिळवतो. त्याऐवजी डबा बांधायच्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात भिजवून ठिपक्यावर हलके घासा. क्रोमियमची कठिनता ८.५, अॅल्युमिनियम त्यापुढे लोण्यासारखे. मुलाम्यावर ओरखडा पडत नाही, पण भुसभुशीत गंज निघतो. छिद्र मात्र बुजत नाही. ते कोरडे करून मेणाने झाकावे लागते. पापुद्रे सुटलेल्या मुलाम्याला घरी इलाज नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांवरील ‘क्रोम’ची अक्षरे आणि जाळ्या मुळात प्लॅस्टिकच्या असतात, त्यांच्यावरही असाच पातळ मुलामा असतो, त्या नुसत्या धुवाव्यात.

एक बादली की दोन?

सकाळी कोणत्याही सोसायटीच्या आवारात पाहा. एक बादली, एक फडका आणि आठ-दहा गाड्या. पहिल्या दोन गाड्यांनंतर बादलीच्या तळाशी हात घाला. बोटांना जी कचकच लागते, ती बहुतांशी वाळू, म्हणजे क्वार्ट्‌झ. तिची कठिनता ७ आहे. रंगावरची लाख हे एक प्रकारचे प्लॅस्टिक. म्हणजे तिसऱ्या गाडीपासून तो माणूस गाडी पुसत नाही, पॉलिश पेपरने घासतो! दोष त्याचा नाही. त्याला पाणी तेवढेच मिळते आणि वेळही तेवढाच. कोरड्या गाडीवर पिसांचा झटकणा फिरवणारे मालकही हेच करतात.

घरी धुताना प्रथम वरून पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत साधे. फडका शाम्पूत बुडवा, एक भाग पुसा, साध्या पाण्यात खळबळून धुवा आणि मगच पुन्हा शाम्पूत घाला. टपापासून सुरुवात करून खाली या. सर्वांत जास्त वाळू खालच्या कडांना आणि चाकांना असते. कपड्यांची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असते आणि रंगावरचे मेण धुऊन टाकते. काम सावलीत करावे. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तापलेल्या पत्र्यावर आटले, की कॅल्शियम कार्बोनेटाची पांढरी वर्तुळे मागे राहतात. ती घासून निघत नाहीत. पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून फडके ओले करा, क्षणभर टेकवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. पक्ष्यांची विष्ठा दिसताच भिजवून उचलावी. तापलेल्या रंगावर ती दिवसभरात खड्डा पाडते.

आता काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगायला हव्यात. ब्रेकच्या तबकडीवर, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, मोटारसायकलच्या सीटवर आणि पाय ठेवायच्या दांड्यांवर पॉलिश किंवा मेण लावू नका. तेथे घर्षणावर माणसाचा जीव अवलंबून असतो. बफिंगचे विजेचे यंत्र विद्यार्थ्यांनी चालवू नये. फिरता बफ ओढणी, बाही किंवा वस्तूची कड पकडतो आणि वस्तू भिरकावतो. मोठ्यांनीही डोळ्यांवर चष्मा लावूनच ते वापरावे. अॅल्युमिनियमची कोरडी, बारीक धूळ हवेत उडाली, तर ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. चाके साफ करण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि हाडापर्यंत इजा करते. बाटलीवर ‘फ्लुओराइड’ असा उल्लेख असेल किंवा बाटलीवर काहीच लिहिलेले नसेल, तर ती उघडू नका.

मेणाचे काम

घासून झालेल्या पृष्ठभागावर मेण लावतात, ते चकाकी आणण्यासाठी नव्हे, आणलेली चकाकी टिकवण्यासाठी. गाडीच्या मेणांतील नावाजलेले मेण म्हणजे कार्नौबा. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवर ते तयार होते. पानातील पाणी उडून जाऊ नये, म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. ते ८० अंश सेल्सियसच्या थोडे पुढे वितळते, म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकते. मधमाश्यांचे मेण ६४ अंशांच्या आसपासच वितळते.

मेण आहे की गेले, हे पाण्याचा थेंब सांगतो. पाण्याच्या रेणूंना मेणाची ओढ नसते. ते आपापसांत गोळा होतात आणि थेंब फुगीर राहतो. मेण नसले, तर थेंब पसरतो. तुमच्या झाकणाच्या शेवटच्या पट्ट्याचे दोन भाग करा. एका भागावर मेण अगदी पातळ लावा, पांढुरके झाले की कोरड्या मऊ फडक्याने पुसून काढा. ड्रॉपरने दोन्ही भागांवर एकेक थेंब सोडा आणि त्यांचे व्यास मोजपट्टीने मोजून वहीत लिहा. मग झाकण दर आठवड्याला शाम्पूच्या पाण्याने धुऊन पुन्हा मोजा. मेणाच्या भागावरचा थेंब दुसऱ्या भागावरच्या थेंबाएवढा पसरायला किती धुण्या लागल्या? असेच दुसरे झाकण कपड्यांच्या पावडरने धुतले, तर किती लागतील?